अंगठा लावा

मास्तरांची कवळी तोंडातून सुटली आणि नामाच्या ढोलावर पडली. ढोलाचं कातडं ताणलेलं, त्यावरून ती पुन्हा उडाली आणि सतरंजीवर जाऊन बसली. वरचे दात, खालचे दात, सगळे आमच्याकडं बघून हसत होते.

नामा म्हणाला, "मास्तर, ठेका बरोबर पडला. सूर तेवढा बघा."

बँडच्या दुकानात आम्ही सगळे हसलो. दस्तगीर मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी कवळी उचलली, पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून पेटीची कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज ऐकून आमचं हसू थांबलं.

"संपलं," मास्तर म्हणाले. दात नसल्यामुळं त्या शब्दातून नुसती हवाच जास्त आली. "हाळी गेली."

ही हाळी काय होती ते सांगायला हवं. आमचा बँड मिरजेतला. शहरात बँड पुष्कळ होते. आमच्यापेक्षा झकपक कपड्यांचे होते, जास्त माणसांचे होते. पण लोक आमच्याकडं सुपारी घेऊन यायचे ते मास्तरांच्या हाळीसाठी. वरात मांडवाच्या दारात आली की मास्तर हात वर करायचे. ढोल बंद, ताशा बंद, सगळं गप. आणि त्या गप्पगार जागेत मास्तर क्लॅरिनेटमधून एकच सूर असा वर काढायचे की घार ओरडल्यासारखा तो थेट आभाळाला लागायचा. तो ऐकला की आतल्या बायका आरतीचं ताट उचलायच्या आणि नवरीला कळायचं की नवरा दारात आला.

क्लॅरिनेटला दात लागतात. ओठ दातावर बसला नाही तर तेवढ्या उंचीचा सूर धरता येत नाही. मास्तरांचे दात हलायला लागले, मग एकेक करून गेले, आणि कवळी आली. कवळीनं भाकरी खाता यायची, हाळी देता यायची नाही.

"मास्तर, हाळी नसली तरी बँड हाय की," कोणीतरी म्हणालं.

"बँडाचं कोण बोलतंय?" मास्तर म्हणाले. "दिवाळी झाली की रेहानाचं लग्न हाय. साऱ्या तालुक्याच्या पोरींना मी हाळी देऊन सांगितलं, नवरा आला बाई, ऊठ. आता माझ्या पोरीला कोण सांगणार?"

 रेहाना ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती दुकानात येऊन ताशावर बसायची आणि म्हणायची, "अब्बा, माझ्या लग्नात सगळ्यात मोठी हाळी द्यायची." आम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं.

"नवऱ्याकडच्यांना सांगतो," मास्तर उठत म्हणाले, "सांगलीचा बँड घ्या म्हणून. आपल्या बँडानं दारात येऊन मुक्यानं उभं राहायचं, ते मला बघवणार न्हाई."

का कोण जाणे, मी बोलून गेलो, "मास्तर, हाळी मी देतो."

नामानं माझ्याकडं वळून बघितलं. "तू? शिद्या, तू बेंजो वाजवतोस. बेंजो किरकिरतो, हाळी देत न्हाई."

"बेंजोवर न्हाई. गिटारीवर."

मी तेव्हा चाळिशीला टेकलेला माणूस होतो. बापाच्या हाताखाली बेंजो शिकलो, शाळेचं तोंड बघितलं नाही. पण त्या साली उरुसात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या गिटारवाल्यानं गाण्याच्या मध्येच तारेतून एक किंकाळी काढली होती. साधा सूर वाजता वाजता एकदम फुटून वर गेला. मला वाटलं, मास्तरच कुठूनतरी हाळी देतायत. मी मागं वळून बघितलंसुद्धा.

"किती दिवसांत शिकणार?" नामानं विचारलं. "आणि शिकवणार कोण? पुस्तक आणून वाचणार हाईस व्हय, अंगठेबहाद्दर?"

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. नामा सातवी पास होता. कॅसेटवरची गाण्यांची नावं तोच वाचून दाखवायचा, आणि त्याचं भाडं म्हणून मला रोज एकदा तरी अंगठेबहाद्दर म्हणायचा. हसता हसता माझा उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला. ती माझी जुनी सवय होती. बेंजोची तार छेडायची नखीसुद्धा मी दोन बोटांच्या टोकात धरायचो आणि अंगठा मागं दुमडून ठेवायचो.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "जमंल?"

"जमंल."

"मग सांगलीला निरोप देत न्हाई अजून."

*

रूथबाई सातपुते नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. ते वारल्यावर गिटार भिंतीवर टांगलेली होती. बाई स्वतः रविवारी चर्चमध्ये साधी गिटार वाजवायच्या, आणि यजमानांचं बघून बघून ही लाल गिटारही त्यांना येत होती. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कवळीपासून रेहानापर्यंत.

कवळीच्या गोष्टीला बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रेहानाची गोष्ट संपायच्या आत उठल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी गिटार काढली.

"धूळ पुसा आधी," त्या म्हणाल्या. "आणि हा डबा." डबा म्हणजे आवाज मोठा करणारा लहानसा भोंगा. "याचा आवाज थोडा फाटू द्यायचा. स्वच्छ आवाजात ही किंकाळी निघत नाही."

त्यांनी नखी घेतली, एक तार छेडली, आणि तीच किंकाळी निघाली. बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

"हे काय केलंत?"

"याला आमचे हे चिमटा म्हणायचे. तारेला चिमटा काढला की ती ओरडते."

मी घरी गेलो तो तोंडानं चिमटा, चिमटा म्हणतच. दुसऱ्या दिवशी बाईंकडं गिटार मांडीवर घेऊन बसलो आणि दोन बोटांत तार पकडून तिला जोरात चिमटा काढला. तार थब्‌ म्हणाली. आणखी जोरात काढला. बोटाची साल निघाली.

बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो शिदूभाऊ, तार आहे ती, नामाचा गाल नव्हे! छेडायचं नखीनंच."

रोज दुपारी शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जायचो. गिटार हळूहळू हाताला येत होती. सूर लागायचे, गाणं वाजायचं. किंकाळी मात्र निघायची नाही. बाई करून दाखवायच्या, पण त्यांचा हात इतका चटकन फिरायचा की मला दिसायचं काहीच नाही. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "मलाही सांगता येत नाही हो नीट. हात करतो ते." मग पुन्हा करून दाखवायच्या. कुत्रं पुन्हा उठायचं. माझ्या हातून वाजलं की ते झोपून राहायचं. त्या कुत्र्यावरून मला माझी प्रगती कळायची.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "डब्यावरचं कुठलं बटण किती फिरवायचं ते चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवा. म्हणजे वरातीत गडबड होणार नाही." आणि त्यांनी कागद-पेन्सिल माझ्यापुढं सरकवली.

मी खिसे चाचपले. "चष्मा विसरला बाई."

माझ्याकडं चष्मा कधीच नव्हता. बाई "बरं, उद्या लिहा" म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. तेवढ्यात शेजारच्या दोघी जणी ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या. मी तारेवर घाव घालत राहिलो. थब्‌, थब्‌, थब्‌. आतून भाकरीचा आवाज, बाहेर माझा, दोन्ही सारखेच.

आणि आतून बाईंचा आवाज आला. मोठ्यानं, शाळेतल्यासारखा. "नुसतं काय मारताय शिदूभाऊ? अंगठा लावा! अंगठा!"

पायरीवरच्या दोघी फिसकन हसल्या.

माझं अंग गरम झालं. माझ्या मनात आलं, यांनी ओळखलं. चष्म्याचं खोटं यांच्या लक्षात आलं, आणि आता शेजारणींदेखत सांगतायत, तुला लिहिता येत नाही ना, मग लाव अंगठा. नामाचं बोलणं मी झेलत होतो, कारण नामा आमच्या बँडातलाच होता. पण बाईंकडून हे यावं?

मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. "येतो बाई," म्हणालो आणि निघालो.

"अहो, भाकरी खाऊन जा!" त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "काय झालं?"

"काही न्हाई. आमच्यासारख्यांचं काम न्हाई हे."

त्यानंतर मी तिकडं फिरकलो नाही. दुकानात नामानं विचारलं, "काय रं, हाळी कुठवर आली?" मी बेंजोच्या तारा पुसत राहिलो. मास्तरांनी काही विचारलं नाही, हे जास्त लागलं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि सांगलीला कोण जाणार आहे का, अशी चौकशी केली.

*

नगरपालिकेची निवडणूक त्याच आठवड्यात आली. मी, नामा आणि आमच्या गल्लीतले सगळे शाळेत रांगेत उभे होतो. खोलीत शिरलो आणि बघतो तर टेबलामागं रूथबाई. निवडणुकीच्या कामाला शाळेतल्या मास्तर-मास्तरणींनाच बसवतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागं नामा, पुढं बाई. पळायला वाट नव्हती.

बाईंनी माझी चिठ्ठी बघितली, यादीत नाव शोधलं आणि सरकारी आवाजात विचारलं, "सही की अंगठा?"

मी हळूच म्हणालो, "तुम्हाला म्हाईत हाय की."

"मला कसं माहीत असणार?"

"त्या दिवशी तर सगळ्यांपुढं म्हणालात. अंगठा लावा म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागून नामा म्हणाला, "शिद्या, आवर की रं, मतदान हाय, सोयरीक न्हाई."

"शिदूभाऊ," बाई अगदी हळू बोलल्या, "तुम्हाला सही येत नाही?"

"न्हाई."

 बाईंनी शाईचा डबा माझ्याकडं सरकवला. मी अंगठा शाईत घातला आणि कागदावर दाबला. दाबला तो चांगला चोळून दाबला, रागानं.

"अहो, नाही, नाही! नुसता जांभळा गोळा झाला." त्यांनी माझा अंगठा धरला आणि शेजारच्या जागेवर आणला. "चोळायचा नाही. दाबायचाही नाही. कडेनं टेकवा, आणि टेकला की लगेच उचला. दाबून धरला की रेघा मरतात."

अंगठा टेकला, उचलला. कागदावर रेघा उठल्या, लखलखीत, शेतातल्या सऱ्यांसारख्या.

मी तसाच उभा राहिलो. अंगठा हवेत. बाईंचा हात माझ्या अंगठ्यापाशी, तोही हवेत. दाबून धरला की मरतात. माझी तारही मरतच होती की. थब्‌ म्हणजे दुसरं काय? नखीनं छेडून झाली की पाठोपाठ अंगठ्याची कड टेकवायची आणि तिथंच उचलायची, एवढंच त्या करत होत्या. माझा अंगठा तर मुठीत दडलेला. तो तारेपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी अंगठा लावा म्हणालात, तो तारेला?"

"मग कशाला?"

"मला वाटलं..."

मला काय वाटलं ते त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. पण सरकारी खुर्चीत बसून तरी माणूस किती वेळ हसू दाबणार? त्या हसल्या, मी हसलो, शेजारचा पोलीस उगाच हसला.

"आणि त्या पायरीवरच्या का हसल्या?" मी विचारलं.

"तुमच्या वाजवण्याला, दुसरं काय! जा आता, मत टाका. आणि संध्याकाळी गिटार घ्यायला या. चावी शेजारी आहे."

मी कोणाला मत दिलं ते आजही आठवत नाही.

*

शाई अजून ओली होती. मी बाईंच्या येण्याची वाट बघितली नाही. शेजारणीकडून चावी घेऊन ओसरीवर बसलो, डबा लावला, आवाज फाटू दिला. नखी आखूड धरली, नुसतं टोक बाहेर, आणि अंगठा पुढं आणून तिच्या अंगाला चिकटवला. त्या अंगठ्याला मी पहिल्यांदाच असा उजेडात आणत होतो. छेडलं, टेकवलं, उचललं.

थब्‌.

पुन्हा थब्‌. जागा थोडी सरकवली. कुत्रं डोळे मिटून पडलेलं. अजून बोटभर सरकवली.

तारेतून जी किंकाळी निघाली तिनं मीच दचकलो. कुत्रं उठलं, माझ्याकडं बघून भुंकलं, आणि मी त्याच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. शेजारीण धावत आली. "काय झालं हो? कोण पडलं?"

"कोणी न्हाई. हाळी आली!"

बाई मतपेट्या पोचवून परत आल्या तेव्हा लाल गिटारीच्या तारांवर जांभळे डाग पडले होते. त्यांनी ते पुसू दिले नाहीत.

*

रेहानाच्या लग्नाला नवऱ्याकडच्यांनी आमचाच बँड घेतला. मास्तर त्या दिवशी मुलीचे बाप, त्यामुळं ते आत मांडवात. पुढं हात वर करायला कोणी नव्हतं, म्हणून ते काम नामानं घेतलं. मास्तरांना मी सांगितलं होतं की जमलंय, पण ऐकवलं नव्हतं. ऐकवायला गेलो आणि नेमकी थब्‌ झाली तर, अशी भीती होती.

गिटार गळ्यात, डबा आणि त्याची बॅटरी हातगाडीवर, असा मी गाडीशेजारून चालत होतो. वरात मांडवाच्या दारात आली. नामानं हात वर केला. ढोल थांबला, ताशा थांबला. किती गप्प झालं म्हणून सांगू. नवऱ्याच्या घोड्यानं शेपटी हलवली तेवढा आवाज.

मी छेडलं. थब्‌.

अंगठा घामानं ओला झाला होता. वराती एकमेकांकडं बघायला लागले. नामानं हात खाली घेतला नाही, पण डोळे मात्र गच्च मिटले. मी अंगठा सदऱ्याला पुसला. मग सगळ्यांच्या देखत तो नीट पुढं आणला, तारेशी नेला, छेडलं, टेकवला, उचलला.

हाळी गेली. मांडवाच्या झालरीवरून, शेजारच्या माडीवरून, वर, आणखी वर. मी डाव्या हातानं तार हलवत राहिलो आणि ती तिथंच वर थरथरत राहिली. आतून बायकांचा गलका उठला. आणि त्या गलक्यातून रेहानाचा आवाज आला, नवरीनं असं ओरडू नये हे विसरून. "अब्बा! आला!"

मास्तर बाहेर आले. पाहुण्यांना भेटायचं सोडून सरळ माझ्याकडं आले. कवळीचे दात दिवसाउजेडी चमकत होते.

"शिद्या! कशानं काढलीस?"

 मी नुसता अंगठा त्यांच्यापुढं धरला.

मास्तरांच्या भिवया वर गेल्या. "मी विचारतोय आणि तू मला ठेंगा दावतोस व्हय रं?"

"ठेंगा न्हाई मास्तर! अंगठा! अंगठ्यानं काढली!"

मास्तर एवढे हसले की कवळी सुटली. या वेळी त्यांनी ती हातातच झेलली. नामा ढोलावर वाकून हसत होता. मग उभा राहिला, माझ्या अंगठ्याला दोन बोटं लावून आपल्या कपाळाला लावली आणि म्हणाला, "अंगठेबहाद्दर!" तो शब्द त्याच्या तोंडून मी हजार वेळा ऐकला असेन. त्या दिवशीचा वेगळा होता.

लग्नाचा हंगाम सरला तेव्हा मी गिटार परत द्यायला बाईंकडं गेलो. बाईंनी ती घेतली नाही. "ती वाजतेय तिथंच बरी," म्हणाल्या. मग त्यांनी तो जुना कागद आणि पेन्सिल माझ्यापुढं ठेवली. "बटणांची चिठ्ठी राहिली आहे तुमची."

"बाई, चष्मा..."

"चष्मा नको. बसा."

मी बसलो. पेन्सिल मुठीत धरली, कुदळ धरतात तशी, अंगठा आत दडवून. बाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"शिदूभाऊ," त्या म्हणाल्या, "अंगठा लावा."

मी लावला.